शेवटची द्विपंखी विमाने, त्यांचे एक्के आणि जळालेली कागदपत्रे

आजचा धागा थोडा लांबलचक आहे. विषय आहे दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत लढलेल्या द्विपंखी लढाऊ विमानांचा आणि त्यांच्या वैमानिकांचा. धाग्याच्या केंद्रस्थानी दोन माणसे आहेत, एक दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला आणि दुसरा इस्त्रियातला. दोघेही परस्परविरोधी बाजूंनी लढले, दोघेही १९४१ च्या पूर्वार्धात मरण पावले. ‘दुसऱ्या महायुद्धातला सर्वांत मोठा द्विपंखी एक्का कोण?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून आजही या दोघांचीच नावे पुढे येतात. हा प्रश्न आपण समजतो तितका सरळ नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी ‘एक्का’ या शब्दाविषयी. पहिल्या महायुद्धात फ्रेंच वृत्तपत्रांनी नामांकित वैमानिकांसाठी पत्त्यांतल्या एक्क्याचा शब्द वापरायला सुरुवात केली. इंग्रजीत त्याचा ‘एस’ झाला आणि हळूहळू शत्रूची पाच विमाने पाडणारा तो एस, असा संकेत रूढ झाला. गंमत अशी की ब्रिटिश हवाई दलाने ही पदवी अधिकृतपणे कधी मान्य केली नाही. इटालियन हवाई दल तर पाडलेले विमान बहुधा एका वैमानिकाच्या नव्हे, संपूर्ण तुकडीच्या खात्यावर मांडत असे. म्हणजे ज्या दोन सैन्यांतील एक्क्यांची आपण तुलना करणार आहोत, त्या दोन्ही सैन्यांना ही मोजदाद करण्यात फारसा रस नव्हता. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या महायुद्धातली द्विपंखी विमाने आपल्याला परिचित असतात. इंद्रलाल रॉय यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा दिवसांत दहा विजय आणि त्यानंतर लगेच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मृत्यू. त्यांचे विमानही द्विपंखीच होते. पण ते युग १९१८ मध्ये संपले नाही, आणि बावीस वर्षांनंतरही तशाच लाकूड-धातूच्या सांगाड्याची, कापड ताणलेली, एकावर एक पंख असलेली विमाने युद्धात उतरली.

एकावर एक दोन पंख कशासाठी? सुरुवातीच्या काळात इंजिने दुबळी होती आणि पंख हलके व पातळ ठेवावे लागत. असा एकच लांब पंख हवेत वाकला असता. म्हणून दोन आखूड पंख एकावर एक ठेवून मधे खांब आणि तिरप्या तारा लावत. रेल्वेच्या लोखंडी पुलाची जाळी डोळ्यांपुढे आणा, तत्त्व तेच. यातून आणखी एक लाभ होई. पंखांचे एकूण क्षेत्रफळ वाढल्यामुळे प्रत्येक चौरस मीटरवर येणारा भार कमी होई, आणि ज्या विमानावर हा भार कमी ते अधिक लहान वर्तुळात वळते. तोटाही त्याच खांबांत आणि तारांत होता. त्या सगळ्या हवेला अडवत आणि वेग खात. इंजिन कितीही जोरदार बसवले तरी एका मर्यादेपलीकडे द्विपंखी विमान पळतच नसे.

ब्रिटनचे ग्लॉस्टर ग्लॅडिएटर हे या परंपरेतले शेवटचे लढाऊ विमान. अभियंता हेन्री फॉलंड. पहिले उड्डाण १९३४ मध्ये, सेवेत प्रवेश १९३७ मध्ये. सुमारे ८४० अश्वशक्तीचे ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन, ताशी सुमारे ४१० किलोमीटर वेग, चार मशीनगन आणि वैमानिकासाठी बंद कॉकपिट. दोष असा की ते सेवेत आले त्याच वर्षाअखेरीस एकपंखी हरिकेनही सेवेत आले, ज्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या वर होता. ग्लॅडिएटर नवे असतानाच जुने झाले होते.

इटलीची गोष्ट अधिक विस्मयकारक आहे. तिथे सीआर ४२ ‘फाल्को’, म्हणजे ससाणा, या द्विपंखी विमानाचे पहिले उड्डाण मे १९३८ मध्ये झाले. तोवर जर्मनीचे मेसरश्मिट १०९ स्पेनच्या आकाशात लढत होते. मग इटलीने मागे वळून का पाहिले? उत्तर स्पेनमध्येच आहे. तिथल्या यादवी युद्धात सीआर ३२ या आधीच्या द्विपंखी विमानाने मोठे यश मिळवले होते. स्पॅनिश वैमानिक होआकिन गार्सिया मोरातो याच्या नावावरचे चाळीस विजय बहुतांशी याच विमानातले. इटालियन वैमानिकांना कसरतींची ओढ होती, त्यांना वळणारे विमान हवे होते आणि सेनापतींनी यशाचा चुकीचा अर्थ काढला. जिंकलेल्या युद्धातून सैन्ये जे शिकतात त्याने अनेकदा पुढच्या युद्धात घात होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही. (विमान बनवणारी कंपनी फियाट. होय, मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा मूळ आराखडा जिचा होता, तीच.)

आता ही दोन विमाने शेजारी ठेवून पाहा. सीआर ४२ चा वेग ताशी सुमारे ४४० किलोमीटर, म्हणजे ग्लॅडिएटरपेक्षा अधिक. पण भरलेल्या ग्लॅडिएटरच्या पंखांवर दर चौरस मीटरला सुमारे ७० किलो भार, तर फाल्कोच्या पंखांवर १०० किलोंच्या आसपास. हरिकेनवर तो सव्वाशेच्या घरात जाई. म्हणून ग्लॅडिएटर आतल्या बाजूने वळून फाल्कोच्या पाठीशी येऊ शके, आणि फाल्को सूर मारून निसटू शके. फाल्कोच्या दोन मशीनगन जड गोळ्यांच्या होत्या, ग्लॅडिएटरच्या चार हलक्या गोळ्यांच्या. आणखी एक भेद आहे, जो मला वेगापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. ग्लॅडिएटरमध्ये रेडिओ होता. फाल्कोंमध्ये त्या काळी तो सहसा नसे. एकदा लढत सुरू झाली की इटालियन वैमानिक एकमेकांना हातवारे आणि पंख हलवणे यांपलीकडे काहीच कळवू शकत नसत.

ही विमाने लढली कुठे, तर जिथे दुसरे काही पाठवायला नव्हते तिथे. अमेरिकेत जन्मलेला आर्थर चिन हा वैमानिक चीनच्या बाजूने ग्लॅडिएटरमधून जपान्यांशी लढून एक्का झाला. फिनलंडने ती रशियाविरुद्ध वापरली. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेत ब्रिटिशांनी लेस्यास्कोग नावाच्या गोठलेल्या तलावावर अठरा ग्लॅडिएटर उतरवली आणि जर्मन बॉम्बफेकी विमानांनी दुसऱ्या दिवशी त्यांतली बहुतेक जागच्या जागी नष्ट केली. माल्टाच्या तीन ग्लॅडिएटरांची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. फेथ, होप आणि चॅरिटी, म्हणजे मराठी बायबलच्या भाषेत विश्वास, आशा आणि प्रीती. या तीनच विमानांनी बेट वाचवले असे सांगितले जाते. वास्तविक खोक्यांत पडून राहिलेली नौदलाची याहून अधिक विमाने तिथे जोडण्यात आली होती आणि ती नावेही नंतर लोकप्रिय झाली. पण जून १९४० मध्ये इटालियन हल्ल्यांना तोंड द्यायला तिथे दुसरी लढाऊ विमाने नव्हती, हे मात्र खरे. त्या मूठभर वैमानिकांतला एक होता विल्यम वुड्स, टोपणनाव ‘टिंबर’. हे नाव ध्यानात ठेवा. तो आपल्याला शेवटी पुन्हा भेटणार आहे.

चांगली विमाने ब्रिटनच्या बचावासाठी राखून ठेवलेली. साम्राज्याच्या कडेकपारींत जुनी विमाने आणि त्यांत बसायला साम्राज्याच्याच कडेकपारींतून आलेली मुले, दक्षिण आफ्रिकेची, ऱ्होडेशियाची, ऑस्ट्रेलियाची. जमिनीवर तर चित्र याहून बोलके होते.

६ नोव्हेंबर १९४०. सुदान आणि इथिओपियाच्या सीमेवरचा गल्लाबात नावाचा लहानसा किल्ला. इटालियनांनी तो जुलैत घेतलेला. तो परत मिळवण्यासाठी दहाव्या भारतीय ब्रिगेडने हल्ला चढवला. ब्रिगेडचे नेतृत्व होते विल्यम स्लिम यांच्याकडे, जे पुढे ब्रह्मदेशात चौदाव्या सेनेचे सेनापती म्हणून विख्यात झाले. रॉयल गढवाल रायफल्सच्या तिसऱ्या बटालियनने किल्ला घेतलाही. पण वरच्या आकाशात काय घडत होते? ग्लॅडिएटर एकत्र न येता एकेक, दोनदोन करून येत राहिली आणि एकत्रित असलेल्या फाल्कोंनी ती टिपली. त्या दिवशी आकाश इटलीचे झाले. मग इटालियन बॉम्बफेकी विमाने खाली उघड्यावर असलेल्या सैनिकांवर मनमुराद तुटून पडली आणि अखेर स्लिमना माघार घ्यावी लागली. स्लिम यांनी पुढे या दिवसाविषयी लिहिताना स्वतःच्या निर्णयाला दोष दिला आहे. विमानांच्या वळणाची त्रिज्या हा विषय कोरडा तांत्रिक वाटत असेल, तर त्या किल्ल्याच्या खडकाळ जमिनीवर, जिथे खंदक खणणेही अशक्य होते, आडव्या पडलेल्या गढवाली शिपायाच्या जागी स्वतःला कल्पून पाहा.

या मोहिमेतले इटलीचे सर्वांत कुशल हात होते ४१२ व्या तुकडीचे, आणि त्या तुकडीत होता मारिओ विझिन्तिनी.

जन्म १९१३, इस्त्रियातले पारेंझो, आजचे क्रोएशियातले पोरेच. स्पेनमध्ये लढलेला. १४ जून १९४० रोजी, म्हणजे इटली युद्धात उतरल्यावर चौथ्याच दिवशी, त्याने मसावा बंदराजवळ ब्रिटिशांचे वेलेस्ली बॉम्बफेकी विमान पाडले. त्यानंतरच्या आठ महिन्यांत त्याच्या नावावर सोळा विजय नोंदले गेले. काही याद्यांत सतरा आढळतात. या सोळांपैकी बरेचसे वेलेस्ली आणि ब्लेनहाइम यांसारख्या बॉम्बफेकी विमानांवरचे आहेत. वेलेस्ली हे संथ, एका इंजिनाचे आणि त्या काळीही जुनाट समजले जाणारे विमान. यामुळे विझिन्तिनीचे कौशल्य कमी ठरते का? माझ्या मते नाही. पण ‘सोळा’ हा आकडा एकाच मापाच्या सोळा गोष्टींची बेरीज नव्हे, एवढे तरी आपण मान्य करायला हवे.

११ फेब्रुवारी १९४१. खाली केरेनच्या डोंगरांत लढाई पेटलेली. चौथी भारतीय डिव्हिजन त्या उभ्या कड्यांवर डोके आपटत होती. (मार्चच्या मध्यास पाचवी भारतीय डिव्हिजनही मैदानात आली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती, आणि केरेन हे नाव आजही त्या रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत आहे.) विझिन्तिनीचे साथीदार खराब हवेमुळे तळावर परतू शकले नव्हते. तो त्यांना शोधण्यासाठी पुन्हा उडाला. ढगांत त्याचे विमान एरिट्रियातल्या बिझेन पर्वतावर आदळले. इटलीचा हा सर्वांत यशस्वी द्विपंखी वैमानिक शत्रूच्या गोळीने मेला नाही. ज्यात रेडिओ नव्हता अशा विमानातून तो मित्रांना शोधत होता. त्यांचा आवाज त्याला ऐकू आला असता, तर कदाचित तो त्या ढगांत शिरलाच नसता. हा ‘कदाचित’ माझा आहे, कागदपत्रांतला नव्हे. त्याचा भाऊ लिचिओ इटलीच्या नौदलात होता. पाणसुरुंगावर स्वार होऊन बंदरांत घुसणाऱ्या पथकात तो डिसेंबर १९४२ मध्ये जिब्राल्टरला मारला गेला.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू.

मार्माड्यूक टॉमस सेंट जॉन पॅटल. हे भारदस्त नाव कुणी वापरत नसे, सगळे त्याला ‘पॅट’ म्हणत. जन्म १९१४, दक्षिण आफ्रिकेतले बटरवर्थ. मायदेशाच्या हवाई दलाने त्याला घेतले नाही, म्हणून तो ब्रिटनला गेला आणि १९३६ मध्ये तिथल्या हवाई दलात दाखल झाला. ८० क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर १९३८ मध्ये इजिप्तला आला. शांत स्वभाव, अचूक नेम आणि शत्रूच्या अगदी जवळ गेल्याखेरीज गोळी न झाडण्याची शिस्त, असे त्याचे वर्णन सहकाऱ्यांनी केले आहे.

त्याची पहिली लढत ४ ऑगस्ट १९४० ची, लिबियाच्या सीमेपलीकडची. एका टेहळणी विमानाच्या रक्षणासाठी चार ग्लॅडिएटर गेली होती. पॅटलने दोन विमाने पाडल्याचा दावा केला आणि मग फाल्कोंच्या गराड्यात सापडून स्वतःच पाडला गेला. हवाई छत्रीने तो शत्रूच्या हद्दीत उतरला. तिथून वाळवंटात पायी चालत तो इजिप्तच्या दिशेने निघाला आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटिश चिलखती गाड्यांच्या गस्तीला सापडला. त्या चारांपैकी एक वैमानिक परतला नाही. चारच दिवसांनी, ८ ऑगस्टला, स्क्वाड्रनने सूड घेतला. मोजक्या विमानांचा गट आमिष म्हणून खाली उडवला आणि उरलेली वर दबा धरून ठेवली. सोळा फाल्को त्या सापळ्यात अडकले. रेडिओमुळेच असा बेत तडीस जाऊ शकत होता.

२८ ऑक्टोबर १९४० रोजी इटलीने ग्रीसवर आक्रमण केले आणि नोव्हेंबरमध्ये ८० वी स्क्वाड्रन ग्रीसला पोहोचली. वाळवंटातून थेट अल्बानियाच्या सीमेवरील हिमाच्छादित डोंगरांत. चिखलाच्या धावपट्ट्या, गोठणारी तेले. पहिल्याच लढतीत, १९ नोव्हेंबरला कोरित्साजवळ, पॅटलने दोन फाल्को पाडले. हिवाळाभर ग्लॅडिएटर आणि फाल्को यांचे पेच चालू राहिले. संक्रांतीच्या पतंगांसारखे हे पेच होते, असे एका जुन्या मराठी लेखात वाचले होते. उपमा सुरेख आहे, पण कटलेल्या पतंगात कुणी बसलेले नसते.

फेब्रुवारी १९४१ पर्यंत ग्लॅडिएटरमधून पॅटलच्या खात्यावर सुमारे पंधरा विजय जमा झाले होते. त्या महिन्यात स्क्वाड्रनला हरिकेन मिळू लागली.

आणि येतो २८ फेब्रुवारी १९४१, या धाग्याचा खरा गाभा. अल्बानियाच्या सीमेवरच्या आकाशात त्या दुपारी मोठी लढत झाली. एका बाजूला ग्लॅडिएटर आणि हरिकेन, दुसऱ्या बाजूला इटालियन बॉम्बफेकी विमाने आणि त्यांचे रक्षक. संध्याकाळी ब्रिटिश वैमानिकांनी मिळून केलेल्या दाव्यांची बेरीज सव्वीस-सत्तावीस विमानांपर्यंत गेली. अथेन्समध्ये जल्लोष झाला. युद्धानंतर संशोधकांनी दोन्ही बाजूंची दप्तरे समोरासमोर ठेवली, तेव्हा इटलीने त्या दिवशी प्रत्यक्ष गमावलेली विमाने याहून बरीच कमी निघाली. इटालियन वैमानिकांनीही त्या लढतीत अनेक ब्रिटिश विमाने पाडल्याचे कळवले होते. ब्रिटिशांनी गमावले होते एक ग्लॅडिएटर.

मग हे सगळे खोटे बोलत होते का? पदव्युत्तर वर्गात साधनचिकित्सा शिकताना माझ्याही मनात प्रथम हाच शब्द आला होता. पण वैमानिकाच्या जागी बसून पाहा. समोरच्या फाल्कोवर तुम्ही गोळ्या झाडता. तो उलटा होऊन धूर सोडत खाली जातो. तो धूर आगीचा आहे की अचानक पूर्ण जोर दिलेल्या इंजिनाचा, हे पाहायला तुमच्यापाशी वेळ नाही, कारण तुमच्या पाठीशी दुसरा आहे. तोच फाल्को खाली जाताना तुमच्या मित्राच्या समोरून जातो, तोही गोळ्या झाडतो. तळावर दोघेही प्रामाणिकपणे सांगतात, ‘मी एक पाडला.’ तिकडे तो फाल्को डोंगराच्या आडोशाने सरळ होतो आणि छिद्रे पडलेल्या पंखांनी घरी पोहोचतो. तिथला वैमानिक सांगतो, ‘मीही एक पाडला.’ कुणीही खोटे बोललेले नाही आणि तरीही बेरीज चुकलेली आहे. लढत जितकी मोठी, तितका हा घोळ मोठा. एकट्यादुकट्या चकमकीतले दावे तुलनेने खरे निघतात, असा या क्षेत्रातल्या अभ्यासकांचा अनुभव आहे.

पॅटलकडे परत येऊ. मार्चमध्ये त्याला ३३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व मिळाले. ६ एप्रिलला जर्मनीने ग्रीसवर हल्ला केला आणि सगळे चित्र पालटले. आता समोर मेसरश्मिट होती. दोन आठवड्यांत ब्रिटिश स्क्वाड्रनांची विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

२० एप्रिल १९४१. अथेन्सच्या रक्षणासाठी पंधराएक हरिकेन शिल्लक. पॅटल तापाने फणफणला होता. त्याने उडू नये असे त्याला सांगितले गेले होते, तरी तो त्या दिवशी पुन्हा पुन्हा उडाला. संध्याकाळी पिरेअस बंदरावर जर्मन विमानांचा मोठा ताफा आला. त्या धुमाळीत एका हरिकेनच्या मागे दोन इंजिनांचे मेसरश्मिट ११० लागलेले पॅटलला दिसले आणि तो त्याला सोडवायला खाली झेपावला. त्या हरिकेनमध्ये टिंबर वुड्स होता, माल्टाच्या ग्लॅडिएटरांतला तोच वुड्स. दोघेही गेले. पॅटलचे विमान एलेउसिसच्या आखातात कोसळले. वय सव्वीस.

त्या दिवशी आकाशात असलेला आणखी एक तरुण तुमच्या परिचयाचा आहे. ८० व्या स्क्वाड्रनचा उंचापुरा वैमानिक रोल्ड डाल. होय, ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ लिहिणारा. सप्टेंबर १९४० मध्ये या स्क्वाड्रनमध्ये रुजू होण्यासाठी ग्लॅडिएटर घेऊन निघाला असता त्याला चुकीचे ठिकाण सांगितले गेले, इंधन संपत आले आणि त्याचे विमान वाळवंटात आदळले. कवटीला तडा गेला, काही काळ दृष्टीही गेली. बरा होऊन तो ग्रीसला पोहोचला, तो थेट या शेवटच्या दिवसांत.

पुढच्या काही दिवसांत उरलेली हरिकेनही बव्हंशी जमिनीवरच नष्ट झाली आणि ब्रिटिश सैन्याने ग्रीस सोडला. त्या पळापळीत स्क्वाड्रनांची कागदपत्रे जाळली गेली किंवा हरवली. पॅटलच्या शेवटच्या आठवड्यांच्या अधिकृत नोंदी त्यांत गेल्या. त्याच्या एकूण विजयांचा आकडा नंतर सहकाऱ्यांच्या आठवणी, रोजनिश्या आणि तुटक टिपणे यांवरून पुन्हा जुळवावा लागला. कुणी चाळीस म्हणतो, कुणी पन्नासच्या वर. पन्नास धरले तर दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाचा तो सर्वांत मोठा एक्का ठरतो. पण अधिकृत यादीत अनेक वर्षे वरचे स्थान दुसऱ्यांचेच राहिले, कारण त्यांची कागदपत्रे इंग्लंडमध्ये सुरक्षित होती.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारा. सोळा की पंधरा? विझिन्तिनी की पॅटल? सोळा हा आकडा अशा हवाई दलातून येतो, जे वैयक्तिक हिशेब ठेवायला नाखूश होते आणि ज्याच्या पूर्व आफ्रिकेतल्या मोहिमेचा शेवट शरणागतीत झाला. पंधरा हा आकडा सामूहिक लढतींतल्या दाव्यांतून येतो, ज्यांची परस्पर पडताळणी अर्धवटच शक्य आहे. या दोन आकड्यांत एकाचा फरक आहे, आणि दोन्हींतली अनिश्चितता त्या एकाहून खचित मोठी आहे. ‘पहिले दहा एक्के’ अशा याद्या समाजमाध्यमांवर फिरतात, तेव्हा मी त्या आवडीने वाचतो, शाळेत असताना वहीत उतरवूनही ठेवत असे. परंतु आता त्या याद्यांत मला वैमानिकांइतकेच कारकून दिसतात. कुणाचे टिपण वाचले, कुणाचे जळले.

पॅटलचे थडगे नाही. ज्यांचे थडगे ठाऊक नाही अशा वैमानिकांसाठी इजिप्तमध्ये अल-अलामेन इथे जे स्मारक आहे, तिथे त्याचे नाव कोरलेले आहे, हुद्दा आणि शौर्यपदकासह. माल्टाच्या ‘फेथ’चा पंख नसलेला सांगाडा व्हालेट्टातल्या सेंट एल्मो किल्ल्यात, राष्ट्रीय युद्ध संग्रहालयात ठेवलेला आहे. कुणी तिकडे गेलात तर छायाचित्र जरूर पाठवा.

आणि ज्यांना त्या शेवटच्या आठवड्यांविषयी आणखी वाचायचे असेल त्यांनी डाल यांचे ‘गोइंग सोलो’ हे १९८६ सालचे आत्मकथन मिळवावे. पॅटलही त्यात भेटतो. मात्र वाचताना पेन्सिल हाती असू द्या. ते पुस्तक प्रसंगांनंतर पंचेचाळीस वर्षांनी लिहिलेले आहे, आणि लिहिणारा मुळात गोष्टी सांगणारा माणूस होता.